रावांना विचारा

दाराआडच्या खिळ्याला कॅरीबॅगा जशा साठत जातात, तसे ऑफिसातले किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. एकीत दुसरी कोंबली जाते, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. परवा मैत्रिणींना एकच सांगायला बसले होते. सगळ्यांची जेवणं गार झाली. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी ओळख. मी नागपूरची, राहते बनशंकरीत आणि ऑफिस मल्लेश्वरमला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. आम्ही शाळेच्या बसगाड्यांचं सॉफ्टवेअर चालवतो. कुठली बस किती वाजता निघेल, कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबेल, हे ते ठरवतं. या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये अधूनमधून अशा ओळी असतात ज्या कॉम्प्युटर वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. त्यांना कॉमेंट म्हणतात. पुढे जो कोणी कोड उघडेल त्याला कळावं, की इथे हे असं का केलंय. निदान कॉलेजात तरी आम्हाला असंच शिकवलं होतं.

आमचा कोड माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे आणि तो कळणारे एकच गृहस्थ आहेत, राव सर. चामराजपेटचे. घरात मराठी, पण किती पिढ्या इथे गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मिसळतं: 'स्वल्प थांब' असतं आणि कबूल केलं की 'सरी' असतं. मला ते 'अम्मा' म्हणतात. इथे लहान पोरीलाही अम्मा म्हणतात हे कळेपर्यंत मी महिनाभर रागात होते. मॅनेजरला, म्हणजे नागराजला, आम्ही सरळ नावानं हाक मारतो. राव सरांना तशी हाक कोणी मारत नाही, कारण त्यांचं नाव कोणाला माहीत नाही.

मार्चअखेर राव सर रिटायर होणार होते. जानेवारीत नागराजनं मला केबिनमध्ये बोलावलं. कोडच्या प्रत्येक भागावर नीट कॉमेंट लिही, म्हणाला. सर जायच्या आधी मी रिव्ह्यू घेईन. पास झालीस तर एप्रिलपासून नकाशांच्या नव्या टीममध्ये. नापास झालीस तर सरांची खुर्ची तुझी.

नकाशांसाठीच मी नागपूर सोडून इथे आले होते. आणि सरांच्या खुर्चीवरून उठलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. ते स्वतः त्या खुर्चीत अठ्ठाविसाव्या वर्षी बसले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी उठणार होते.

*

पहिल्याच दिवशी पहिलीच फाइल उघडली. वर कॉमेंट होती: 'रावांना विचारा.' खाली दहा ओळींवर पुन्हा: 'रावांना विचारा.' मी मोजायला घेतलं आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला.

मी रागारागात लॅपटॉप उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाले, "लिहिलंय की. रावांना विचारा."

मी म्हटलं, सर, राव तुम्हीच.

"मी राव. पण हे मी लिहिलं नाही. यातले राव म्हणजे मोठे राव. माझ्या आधी होते ते."

ते कुठे असतात आता, असं मी विचारलं. म्हैसूरला असतात, म्हणाले. रिटायर झाल्यावर फोन घेत नाहीत. मग एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारायचं ना? सर शांतपणे चष्मा पुसत होते.

"गेलो होतो ना. ते पण म्हणाले, हे मी लिहिलं नाही."

*

मग मी ठरवलं की जुनं राहू दे, आपलं नवं तरी नीट लिहू. आठवडाभर झपाट्यानं लिहिलं. थांब्यांची यादी घेणाऱ्या भागावर लिहिलं, 'इथे थांब्यांची यादी घेतली आहे.' वेळ मोजणाऱ्या भागावर लिहिलं, 'इथे वेळ मोजली आहे.' स्वच्छ इंग्रजी, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. शुक्रवारी मोठ्या ऐटीत सरांना दाखवलं.

त्यांनी दोन पानं वाचली. मग मला विचारलं, की अम्मा, तू दारावर पाटी लावायला निघालीस तर काय लिहिशील?

आडनाव, मी म्हटलं.

"मग इथे सगळ्या दारांवर 'हे दार आहे' असं का लिहून ठेवलंस? दार आहे ते दिसतंय. आत कोण राहतं ते लिही."

मोठ्या माणसांचं मला हेच सहन होत नाही. चाळीस ठिकाणी काहीच लिहून न ठेवणाऱ्या माणसानं मला लिहायला शिकवावं! आणि त्याहून वाईट म्हणजे ते बरोबर होते. मी खाली बेकरीत जाऊन दोन खारी खाल्ल्या आणि वर येऊन सगळं पुसलं.

*

एका भागावर कॉमेंट होती: 'हे फक्त शनिवारी चालतं.' मी कोड तीनदा वाचला. तो शनिवार सोडून रोज चालत होता.

आता यातलं खरं काय? सरांना विचारलं. म्हणाले, "दोन्ही."

मी डोळे मिटून दहा अंक मोजले. मग सर समजावू लागले. पूर्वी एका शाळेत शनिवारी जादा तास असायचे, म्हणून तेव्हा शनिवारी. मग शाळेनं शनिवार बंद केला, म्हणून आता शनिवार सोडून. कॉमेंट तेव्हाची, कोड आत्ताचा.

मग कोड बदलला तेव्हा कॉमेंट का नाही बदलली?

सर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी काहीतरी उधळ्यासारखं बोलले आहे. "आणि शाळेनं परत शनिवार चालू केला तर?"

मी जागेवर येऊन बसले. खूप वेळ मला हेच कळेना, की हे उत्तर चुकीचं का आहे. ते चुकीचं आहे याची मला खात्री होती. अजूनही आहे. पण का, ते आजही नीट सांगता येत नाही.

*

फेब्रुवारीत नागराज कुठल्याशा परिषदेला जाऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, हे काम एआयला द्या. तासाभरात होईल. मीही खूश. राव सरांचा चष्मा पुसून होईपर्यंत वाट बघण्यापेक्षा मशीन बरं.

खरंच तासाभरात झालं. सगळ्या कोडवर सुंदर, आत्मविश्वासानं लिहिलेल्या कॉमेंट. त्यात 'गौरी' नावाचा एक छोटा भाग होता. तो एका थांब्यावर बसला दोन मिनिटं जास्त थांबवायचा. त्यावर एआयनं लिहिलं होतं, की गौरी-गणेशाच्या सणात रहदारी वाढते, त्यासाठी ही सोय आहे.

वाचून मला भरून आलं. किती समजूतदार! मी सरांना दाखवलं, खरं तर खिजवायलाच.

"छे," सर म्हणाले. "गौरी म्हणजे एक पोरगी. आठव्या क्रॉसच्या गल्लीत राहायची. रोज दोन मिनिटं उशीर. वेण्या घालून व्हायच्या नाहीत."

आता कुठे असते ती?

"इंजिनिअर झाली. लग्न पण झालं."

म्हणजे गेली कित्येक वर्षं ती बस रोज सकाळी एका लग्न झालेल्या बाईच्या वेण्यांसाठी दोन मिनिटं थांबत होती. मी दोन्ही कारणं नागराजसमोर ठेवली. त्यानं दोन्ही वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला की खरं कारण सरांचं असेलही, पण डॉक्युमेंटेशनसारखं मशीनचंच वाटतंय.

शेवटी मशीनच्या सगळ्या कॉमेंट आम्ही काढून टाकल्या. त्यातल्या खऱ्या कुठल्या आणि नुसत्या खऱ्या वाटणाऱ्या कुठल्या, हे सांगायला पुन्हा राव सरच लागत होते.

*

कॉम्प्युटर कॉमेंट वाचत नाही, असं मी वर लिहिलंय. आमचा वाचतो.

झालं असं, की तीन चांदण्या (***) काढून सुरू केलेल्या, मोडक्या इंग्रजीतल्या काही कॉमेंट मला दिसल्या. रस्त्याला खड्डा खणलाय, मागच्या बाजूनं जा. अमुक गल्लीत लग्नाचा मांडव आहे. म्हटलं, कोडमध्ये ही काय बडबड? मी त्या काढल्या आणि चांदण्या तशाच ठेवून त्यांच्या जागी शुद्ध इंग्रजीत कॉमेंट लिहिल्या. या वेळी मात्र घाईत, पुन्हा 'हे दार आहे' छापाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्दप्पा अण्णांचा फोन. हे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मला कन्नड येतं ते भाजी आणण्यापुरतं, त्यामुळे आधी काही कळेचना. मग कळलं ते असं: रोज सकाळी डेपोत ड्रायव्हरांसाठी सूचनांचा कागद छापून निघतो. तो कागद म्हणजे कोडमधल्या तीन चांदण्यांच्या कॉमेंट! राव सरांनी कधीतरी एक छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, तो रोज त्या गोळा करून छापायचा. वेगळी सोय करायला वरून परवानगी घ्यावी लागली असती, म्हणून ही युक्ती.

त्या दिवशीच्या कागदावर माझी इंग्रजी कॉमेंट आली, आणि खड्ड्याची सूचना गेली. सिद्दप्पा अण्णा बस घेऊन थेट खणलेल्या रस्त्यात शिरले. पुढे जाता येईना, मागे रिक्षा लागलेल्या. बसमध्ये सातवीची मुलं होती. अण्णांनी तो कागद त्यांच्याकडे दिला, की बाबांनो, मॅडमनी काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा. आता या मुलांना शाळेतच कोडिंग शिकवतात. त्यांनी कागद सगळ्या बसभर फिरवला, आपसात चर्चा केली आणि अण्णांना निकाल सांगितला. तो अण्णांनी फोनवर माझ्यापर्यंत पोचवला.

"मुलं म्हणतात, मॅडमनी काय केलंय ते लिहिलंय. का केलंय ते लिहिलं नाही."

पाऊण तास मुलं उशिरा पोचली. शाळेची तक्रार आली. नागराजनं मला उभं करून सांगितलं, की रिव्ह्यूमध्ये आता एक जरी कॉमेंट चुकली तरी नकाशे विसर. मी बाहेर आले ती थेट राव सरांवर धावून गेले. या चांदण्यांच्या ओळी कागदावर छापल्या जातात, हे तुम्ही कुठेच कसं लिहिलं नाहीत?

सर खरोखर गोंधळले. "कुठे लिहिणार? कॉमेंटमध्ये लिहिलं असतं तर ते पण छापलं गेलं असतं."

*

मार्चचा शेवटचा आठवडा आला. रिव्ह्यू शुक्रवारी. सगळ्या भागांवर 'का' लिहून झालं होतं. सरांच्या शेजारी खुर्ची टाकून, त्यांना एकेक खोदून विचारून, त्यांचा दुपारचा दहीभात बाजूला ठेवायला लावून मी ते लिहिलं होतं. फक्त एक भाग राहिला होता. बनशंकरीची चार नंबरची बस दर गुरुवारी अकरा मिनिटं आधी सोडणारा. वर कॉमेंट नाही. 'रावांना विचारा' एवढंसुद्धा नाही.

सोमवारी सरांना विचारलं. देवळात गर्दी असते ना, म्हणून, ते म्हणाले. मी त्याच भागात राहते. म्हटलं, सर, गर्दी मंगळवारी आणि शुक्रवारी. "हो की," म्हणाले.

मंगळवारी पुन्हा विचारलं. गुरुवारी तिथे आठवड्याचा बाजार भरायचा, म्हणाले. मी घरी जाताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अक्कांना विचारलं. त्या तीस वर्षं तिथे बसतात. असला कुठलाही बाजार त्यांनी पाहिला नव्हता, आणि असला तर तो आपल्यापासून लपवून का ठेवला, असं त्यांनीच मला विचारलं.

बुधवारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, की मोठ्या रावांनी केलं असेल.

चार नंबरची बस सिद्दप्पा अण्णाच चालवतात. त्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं, वेळापत्रकात लवकर म्हणून येतं, म्हणून लवकर. वर हेही सांगितलं, की बायको गुरुवारसाठी डोश्याचं पीठ आदल्या संध्याकाळीच तयार ठेवते आणि इतक्या वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

शेवटचा उपाय म्हणून गुरुवारी सकाळी मी शाळेतच गेले. ऑफिसात एक वयस्कर अक्का होत्या. त्यांना विचारलं, की दर गुरुवारी या बसची मुलं लवकर का लागतात? त्या म्हणाल्या, योगासनांचा तास असतो. मैदानात बघा. खरंच, चार नंबरच्या बसची मुलं सतरंज्यांवर एका पायावर उभी होती.

मला इतका आनंद झाला, की मी तिथेच फोनमध्ये टिपून घेतलं. निघताना सहज विचारलं, हा तास कधीपासून चालू आहे?

अक्का म्हणाल्या, "खूप वर्षं झाली. गुरुवारी तुमची ती बस लवकर यायला लागली. मुलं अकरा मिनिटं मैदानात नुसती दंगा करायची. मग मोठ्या मॅडमनी योगासनं सुरू केली."

परतीच्या मेट्रोत मी पूर्ण गोंधळून बसले होते. अकरा मिनिटं काढून टाकावीत, तर योगासनं बुडणार. ठेवावीत, तर कारण काय लिहायचं? 'माहीत नाही' लिहिलं तर रिव्ह्यू नापास. रिव्ह्यू नापास म्हणजे ती खुर्ची. आणि तीस वर्षांनी कोणीतरी चिडकी पोरगी लॅपटॉप आणून माझ्या टेबलावर आपटणार.

मी कॉमेंट लिहिली: 'गुरुवारी शाळेत सकाळी योगासनांचा तास असतो. त्यासाठी ही बस अकरा मिनिटं आधी सोडणे आवश्यक.'

यात एकही शब्द खोटा नाही. मी चारदा तपासला.

*

शुक्रवारी रिव्ह्यू. केबिनमध्ये आम्ही तिघं. नागराजपुढे दोन कागद: एक कोडच्या भागांची यादी, दुसरा माझ्या बदलीचा. पद्धत त्यानंच ठरवली होती. हा कोड फक्त सरांना माहीत, तेव्हा सरांनी प्रत्येक कॉमेंट वाचायची आणि बरोबर की चूक ते सांगायचं. बरोबर असली की नागराज यादीवर टिक करणार. सगळ्या टिक झाल्या की बदलीच्या कागदावर सही.

सरांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोटानं वाचत होते. बरोबर. बरोबर. गौरीच्या वेण्या, बरोबर. शनिवार, आत्तापुरतं बरोबर. नागराजचा पेन टिक टिक चालला होता.

शेवटी गुरुवार आला. सरांचं बोट थांबलं. त्यांनी ओळ वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. मी मनात खुर्चीसाठी गादी विकत घेतली.

"योगासनं," सर हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "अम्मा, हे तू शोधून काढलंस? इतकी वर्षं मी रोज हा कोड बघतोय. मला माहीत नव्हतं."

मग नागराजला म्हणाले, की बघा, याला म्हणतात कॉमेंट. मला विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो.

मी तीनदा विचारलं होतं! पण मी तोंड बंद ठेवलं. नागराज खूश झाला. टिक करायला पेन कागदावर टेकवला.

"एक मिनिट," सर म्हणाले. पेन तिथेच थांबला. सर कपाळाला आठ्या घालून ओळीकडे बघत होते. "योगासनं ठीक. पण गुरुवारीच का?"

नागराजनंही मान वर करून माझ्याकडे बघितलं. बदलीचा कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी बस लवकर येते, सर."

सरांनी विचार केला. चांगला मिनिटभर केला. खाली बेकरीत कोणीतरी ट्रे आपटल्याचा आवाज आला.

"सरी," ते म्हणाले. "बरोबर आहे."

नागराजनं टिक केली, दुसरा कागद पुढे ओढला आणि सही केली.